पारदर्शक मेनू वाचनीय करण्याच्या सोयी : चार डेस्कटॉपांचे परीक्षण

संगणकाच्या डेस्कटॉपवर मेनू उघडला की तो काही क्षणच पडद्यावर असतो, आणि तेवढ्या वेळात वापरकर्त्याला त्यातील दहा-पंधरा ओळींवरून नजर फिरवून हवी ती एकच ओळ नेमकी पकडायची असते. मेनू वाचण्यासाठी असतो. त्याचे दुसरे काही काम नाही. तरीही डेस्कटॉप घडवणाऱ्यांना मेनू पारदर्शक करण्याचा मोह पुन्हा पुन्हा होत आला आहे, आणि दर वेळी अनेक वापरकर्त्यांना मेनूतील शब्द, मागच्या खिडकीतला मजकूर आणि वॉलपेपरवरची नक्षी एकमेकांत मिसळलेली पाहावी लागली आहे. या परीक्षणात कोणता डेस्कटॉप अधिक देखणा आहे याचा विचार केलेला नाही. मेनू वाचता येत नसेल तेव्हा तो वाचनीय करण्यासाठी लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई, तसेच विंडोज ११ आणि मॅकओएस यांनी कोणती सोय दिली आहे, ती सहज सापडते का आणि ती पुरते का, एवढेच येथे तपासले आहे.

माझी कसोटी आधीच सांगून ठेवतो. पारदर्शकता सरसकट बंद करणारे एक बटण असणे ही किमान अपेक्षा झाली. चांगली सोय तीच, जिच्यात मेनूची पारदर्शकता बाकीच्या डेस्कटॉपपासून वेगळी काढून कमी-जास्त करता येते. टास्कबार किंवा खिडकीची चौकट पारदर्शक असली तर फारसे बिघडत नाही, कारण तेथे वाचण्यासारखे थोडेच असते आणि जे असते ते नेहमीच्याच जागी असते. मेनू मात्र पडद्यावर कोठेही, कशावरही उघडतो. त्याच्यामागे काय असेल हे ना तो बनवणाऱ्याला ठाऊक असते, ना थीम रचणाऱ्याला. म्हणून मेनूला वेगळा न्याय लावावा लागतो, आणि जो डेस्कटॉप तो लावू देत नाही त्याला मी कमी गुण देतो.

सोयींकडे वळण्यापूर्वी पारदर्शकतेचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत, कारण अनेक जण चुकीच्या ठिकाणची सेटिंग बदलत राहतात आणि मेनू होता तसाच राहतो. पहिल्या प्रकारात फक्त मेनूची पार्श्वभूमी अर्धपारदर्शक असते. अक्षरे पूर्ण ठाशीव राहतात. हे काम थीम किंवा प्रोग्रॅमची रेखाटनशैली करते. दुसऱ्या प्रकारात मेनूची संपूर्ण खिडकी, म्हणजे पार्श्वभूमी, चिन्हे आणि अक्षरेही, एकाच प्रमाणात पातळ केली जातात. हे काम कंपोझिटर करतो, म्हणजे सगळ्या खिडक्यांची चित्रे एकत्र करून अंतिम पडदा रंगवणारा भाग. डोळ्यांना दोन्ही प्रकार प्रथमदर्शनी सारखे वाटतात, पण वाचनीयतेच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठा फरक आहे.

तो फरक आकड्यांत मांडता येतो. वेबवरील मजकुराच्या सुलभतेसाठी २००८ साली जाहीर झालेल्या डब्ल्यूसीएजी २.० या मार्गदर्शक तत्त्वांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढण्याची रीत दिली आहे. हे गुणोत्तर १ ते २१ या दरम्यान असते. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ असावे, अशी अपेक्षा आहे. ही तत्त्वे वेबसाठी असली तरी मेनूसाठी मोजपट्टी म्हणून ती उत्तम चालतात. आता पांढऱ्या मेनूवर काळी अक्षरे आहेत, मागे पांढरे पान उघडे आहे आणि पारदर्शकता ५० टक्के आहे, असे धरू. फक्त पार्श्वभूमी पातळ केली असेल तर पांढऱ्यावर पांढरे मिसळून पांढरेच उरते, अक्षरे काळी राहतात आणि गुणोत्तर पूर्ण २१ मिळते. संपूर्ण खिडकी पातळ केली असेल तर काळ्या अक्षरांतूनही मागचे पांढरे पान दिसू लागते, अक्षरे मध्यम करडी होतात आणि गुणोत्तर ४ च्याही खाली येते. टक्केवारी तीच, मेनू तोच, पण एक स्पष्ट वाचता येतो आणि दुसरा किमान अपेक्षेतही नापास होतो.

पहिला प्रकार नेहमीच सुरक्षित असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. डार्क थीममध्ये काळ्या मेनूवर पांढरी अक्षरे असतात. तेथे मागे पांढरे पान असताना पार्श्वभूमी ५० टक्के पारदर्शक केली, तर काळ्याचे करडे होते आणि गुणोत्तर पुन्हा ४ च्या खाली घसरते. डार्क थीमच्या चाहत्यांकडून पारदर्शक मेनूंबद्दल तक्रार का येते आणि लाइट थीमवाल्यांना ती अतिशयोक्ती का वाटते, याचे एक कारण येथे आहे.

गुणोत्तराच्या या हिशेबात न मावणारी आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते खरा त्रास तिचाच असतो. मागची पार्श्वभूमी सपाट नसते. ८० टक्के अपारदर्शक असलेल्या पांढऱ्या मेनूमागे काळ्या अक्षरांचे पान असेल, तर ती अक्षरे मेनूमधून फिकट करडी होऊन दिसतात. मेनूतील काळ्या शब्दांचे गुणोत्तर तेव्हाही भरपूर असते, पण मागच्या अक्षरांच्या रेघा पुढच्या अक्षरांच्या रेघांएवढ्याच जाड आणि तेवढ्याच अंतरावर असल्यामुळे नजरेला पुढचे आणि मागचे पटकन वेगळे करता येत नाही. त्यातच मेनूमधील सध्या वापरता न येणाऱ्या ओळीही करड्याच रंगात दाखवण्याची प्रथा आहे. परिणामी ‘पेस्ट’ ही ओळ निष्क्रिय आहे की मागच्या पानावरचा एखादा शब्द तेथे डोकावतो आहे, हे ठरवायला क्षणभर थांबावे लागते. निष्क्रिय घटकांना डब्ल्यूसीएजीने गुणोत्तराच्या अटीतून सूट दिली आहे. मेनूच्या बाबतीत ही सूट मला पटत नाही, कारण कोणती आज्ञा सध्या उपलब्ध नाही हीसुद्धा वाचण्याजोगीच माहिती आहे.

यावरचा शहाणा उपाय म्हणजे मागचे दृश्य धूसर करणे. धूसर केल्यावर बारीक रेघा नाहीशा होतात आणि केवळ रंगांचे मोठे, मऊ डाग उरतात. अक्षरांशी त्यांची गल्लत होत नाही. विंडोज व्हिस्टा २००७ च्या जानेवारीत सर्वांसाठी उपलब्ध झाले, तेव्हा त्यातील एरो ग्लास या काचेसारख्या चौकटीत हा धूसरपणा होताच. शिवाय खिडकीच्या शीर्षकामागे उजळ आभा दिली होती, म्हणजे मागे काहीही आले तरी शीर्षक वाचता यावे. प्रोग्रॅममधील खाली उघडणारे मेनू व्हिस्टाने अपारदर्शकच ठेवले होते. काच कोठे शोभते आणि कोठे नडते याची ती जाण आजच्या अनेक थीम रचणाऱ्यांमध्ये आढळत नाही.

देवनागरी वापरणाऱ्यांना हा प्रश्न अधिक जाणवतो. डेस्कटॉपची भाषा मराठी ठेवली, तर मेनूतील प्रत्येक शब्दावर शिरोरेघ असते, तिच्यावर अनुस्वार, मात्रा, रफार, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. एवढा तपशील मेनूच्या लहान आकारात बसवताना अनुस्वाराचा ठिपका दोन-तीन पिक्सेलांचाच राहतो. मागून एखादा गडद डाग डोकावला की तो ठिपका हरवतो, किंवा नको तेथे ठिपका असल्याचा भास होतो. रोमन लिपीत चालून जाणारी पारदर्शकता देवनागरीत खपत नाही. मराठी मेनू वापरणाऱ्यांनी थीमच्या जाहिरातीतील इंग्रजी मेनूंची चित्रे पाहून निर्णय घेऊ नये.

आता प्लाझ्मा. या डेस्कटॉपवर मी सर्वांत अधिक वेळ घालवला आहे आणि तो तसा घालवावा लागतोच, कारण येथे उपाय एक नसून अनेक आहेत आणि ते निरनिराळ्या दालनांत विखुरलेले आहेत. मेनूसाठी वेगळी पारदर्शकता ही कल्पना प्लाझ्मा बनवणाऱ्या केडीईला नवी नाही. केडीई ३ च्या काळातही शैलीच्या सेटिंग्जमध्ये मेनू अर्धपारदर्शक करण्याचा पर्याय, तो कोणत्या पद्धतीने करायचा याची निवड आणि मेनू किती दाट ठेवायचा याचा स्लायडर होता. आजच्या प्लाझ्मा ६ मध्येही तीच परंपरा टिकून आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन स्टाइल उघडून ब्रीझ या शैलीच्या चित्रावरील पेन्सिलीवर क्लिक केले, की तिच्या खास सेटिंग्ज उघडतात; तेथे ट्रान्सपरन्सी या भागात मेनूचा स्लायडर आहे. तो अपारदर्शकतेच्या टोकाला नेला की काम झाले. येथे फक्त पार्श्वभूमी बदलते, अक्षरांना धक्का लागत नाही. म्हणजे ही पहिल्या, चांगल्या प्रकारची पारदर्शकता आहे, ती मेनूपुरती वेगळी आहे आणि ती कमी-जास्त करता येते. माझ्या कसोटीला याहून जवळचे उत्तर इतर कोणत्याही डेस्कटॉपने दिलेले नाही.

पण पुष्कळ वापरकर्ते हा स्लायडर शेवटपर्यंत सरकवतात आणि मेनू तरीही पारदर्शक राहतो. त्याची दोन नेहमीची कारणे आहेत. पहिले कारण डेस्कटॉप इफेक्ट्समधील ट्रान्सल्युसन्सी हा इफेक्ट. प्लाझ्माचा कंपोझिटर तो राबवतो आणि तो दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणजे अक्षरांसकट सगळी खिडकी पातळ करणारा. त्याच्या सेटिंग्जमध्ये मेनूसाठी स्लायडर आहे, आणि हवे असल्यास वरून खाली उघडणारे मेनू, राइट क्लिकने येणारे मेनू आणि मूळ जागेवरून सुटे काढून ठेवलेले मेनू यांसाठी तीन स्वतंत्र स्लायडरही आहेत. हा तपशील कौतुकास्पद आहे, पण कौतुक करूनही माझा सल्ला हाच की मेनूंचे हे सगळे स्लायडर पूर्ण अपारदर्शक ठेवावेत. मेनूला थोडी पारदर्शकता हवीच असेल तर ती ब्रीझच्या स्लायडरने द्यावी. ट्रान्सल्युसन्सीचा उपयोग सरकवली जात असलेली खिडकी पातळ दिसावी यासाठी आहे; तेथे वाचायचे काही नसते आणि मागे काय आहे ते दिसणे सोयीचे असते.

दुसरे कारण बाहेरून आणलेली थीम. काचेसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच थीम क्वांटम या वेगळ्या रेखाटन-इंजिनावर चालतात, आणि ते निवडल्यावर ब्रीझच्या स्लायडरचा मेनूंशी संबंधच उरत नाही. अशा वेळी क्वांटम मॅनेजर उघडून चालू थीमच्या सेटिंग्जमध्ये जावे लागते. मेनू किती टक्के पातळ करायचा हा आकडा तेथे लिहिता येतो, मेनूमागचा धूसरपणा चालू करता येतो, आणि पारदर्शकता ज्यांना लागू नये अशा प्रोग्रॅमांची यादीही देता येते. थीम संपूर्ण प्रणालीसाठी बसवलेली असेल, तर तेथे बदल केला की क्वांटम मूळ थीमला हात न लावता तिची वेगळी प्रत तयार करते. तेव्हा बिनधास्त प्रयोग करावेत. ही सोय चांगली विचार करून केलेली आहे. अडचण इतकीच की मेनू न दिसणारा नवखा वापरकर्ता सिस्टिम सेटिंग्जमध्ये शोधत राहतो आणि उत्तर मात्र दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते. एकाने दुसऱ्याकडे बोट तरी दाखवायला हवे होते.

प्लाझ्मातील धूसरपणाचा, म्हणजे ब्लरचा, इफेक्टही तपासण्यासारखा आहे. २०१८ च्या जूनमध्ये आलेल्या प्लाझ्मा ५.१३ मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि तेव्हापासून त्याचा दर्जा फार सुधारला. त्याला दोन स्लायडर आहेत, एक धूसरपणाच्या तीव्रतेचा आणि एक त्यावर शिंपडायच्या बारीक कणांचा. मेनू थोडा पारदर्शक ठेवायचा असेल तर तीव्रता बरीच वाढवावी. मागची अक्षरे अक्षरे म्हणून ओळखू येईनाशी झाली की ती पुरेशी झाली असे समजावे. कण कमी ठेवावेत, कारण देवनागरीच्या ठिपक्यांना त्यांची सोबत नको. सर्वांत वाईट परिस्थिती धूसरपणा बंद आणि पारदर्शकता चालू असताना उद्भवते. संगणक हळू चालतो म्हणून कोणी ब्लर बंद केला आणि थीम तशीच ठेवली, तर हीच परिस्थिती ओढवते. जुन्या यंत्रावर दोन्ही एकदम बंद करावेत.

याच डेस्कटॉपची आणखी एक सोय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रंगयोजना संपादित करताना निष्क्रिय घटकांसाठी वेगळा विभाग आहे, आणि निष्क्रिय ओळी किती फिकट व्हाव्यात हे तेथे ठरवता येते. वर ज्या करड्या ओळींचा उल्लेख केला, त्या येथून थोड्या गडद करता येतात. मेनू पूर्ण अपारदर्शक केल्यावरही ज्यांना त्या वाचायला त्रास होतो, त्यांनी हा विभाग जरूर पाहावा. आणि एखाद्या दिवशी सगळेच काचेसारखे होऊन काहीच वाचता येईनासे झाले, तर एक्स११ या लिनक्सवरील जुन्या प्रदर्शन-व्यवस्थेच्या सत्रात ऑल्ट, शिफ्ट आणि एफ१२ या तीन कळा एकत्र दाबल्यास कंपोझिटर तात्पुरता थांबतो आणि मेनू भरीव होतात. वेलँड या नव्या व्यवस्थेच्या सत्रात हा मार्ग नाही, कारण तेथे कंपोझिटरशिवाय पडदाच रंगत नाही.

प्लाझ्माबद्दल एवढे लिहिल्यावर गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट आहेत. सोयींची रचना योग्य आहे: मेनू वेगळा, प्रमाण वेगळे, धूसरपणा वेगळा, निष्क्रिय ओळी वेगळ्या. मात्र या सोयी ॲप्लिकेशन स्टाइल, डेस्कटॉप इफेक्ट्स, रंगयोजना आणि पॅनेलची, म्हणजे टास्कबारसारख्या पट्टीची, स्वतःची सेटिंग अशा चार ठिकाणी पसरल्या आहेत, आणि प्रोग्रॅम सुरू करण्याचा लाँचर मेनू या सगळ्यांतून सुटून प्लाझ्मा स्टाइल या आणखी वेगळ्या सेटिंगचे ऐकतो. जीटीके या वेगळ्या साधनसंचावर बांधलेले प्रोग्रॅमही ब्रीझचा स्लायडर मानत नाहीत. सुलभतेच्या पानावर ‘मेनू अपारदर्शक ठेवा’ असा एकच पर्याय देऊन मागचे सगळे धागे त्याला जोडता आले असते, तर हे परीक्षण येथेच संपवून बाकीच्या तिघांना प्लाझ्माचे अनुकरण करण्याचा सल्ला दिला असता.

एक्सएफसीई याच्या अगदी उलट टोकाला आहे. विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडून कंपोझिटर या भागात गेले, की पॉपअप खिडक्यांच्या अपारदर्शकतेचा स्लायडर समोरच असतो आणि मेनू त्यातच मोडतात. तो पूर्ण उजवीकडे नेला की मेनू भरीव झाला. शोधाशोध नाही, थीमचे राजकारण नाही. हा डेस्कटॉप २००५ पासून, म्हणजे ४.२ या आवृत्तीपासून स्वतःचा कंपोझिटर बाळगून आहे आणि हलक्या यंत्रांवर तो आजही उत्तम चालतो. मर्यादा अशी की हा स्लायडर दुसऱ्या प्रकारचा, अक्षरांनाही पातळ करणारा आहे, आणि धूसरपणाची सोय या कंपोझिटरमध्ये नाही. म्हणून येथे मधले प्रमाण शोधत बसण्यात अर्थ नाही. मेनूपुरता स्लायडर टोकालाच शोभतो. उपायाच्या सोपेपणात मी एक्सएफसीईला चौघांत पहिला क्रमांक देतो.

स्वतःचा डेस्कटॉप सुटे भाग जुळवून बांधणारे बरेच जण पिकॉम हा कंपोझिटर वापरतात, म्हणून त्याच्याबद्दल थोडे. त्याच्याबरोबर येणाऱ्या नमुना संरचना-फाइलमध्ये खिडक्यांच्या प्रकारांचा विभाग असतो आणि त्यात वरून खाली उघडणारे आणि राइट क्लिकने येणारे अशा दोन्ही जातींच्या मेनूंना ०.८ इतकी अपारदर्शकता दिलेली असते. ती फाइल जशीच्या तशी उचलणाऱ्याला मेनू पारदर्शक का झाले याचा पत्ता लागत नाही, कारण त्याने स्वतः तसे काही मागितलेलेच नसते. त्या दोन ओळींतील ०.८ च्या जागी १ लिहिले की प्रश्न मिटतो. नमुना-फाइलमध्ये मुळात १ असावा, अशी माझी ठाम सूचना आहे; ज्याला काच हवी तो ती शोधून घेईल.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून पर्सनलायझेशन आणि त्यात कलर्स येथे गेल्यावर ‘ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स’ हे बटण मिळते. तेच बटण ॲक्सेसिबिलिटीखालील व्हिज्युअल इफेक्ट्स या पानावरही ठेवले आहे. एकच सोय दोन वाटांनी सापडू देणे हे उत्तम काम आहे आणि प्लाझ्माने ते शिकावे. बटण बंद केल्याबरोबर, पुन्हा लॉगिन न करता, स्टार्ट मेनू, टास्कबार आणि राइट क्लिकचे मेनू सपाट रंगाचे होतात. विंडोजमधील मेनूंना ॲक्रिलिक नावाचे धूसर, रंगछटा मिसळलेले द्रव्य वापरलेले असते. बॅटरी वाचवण्याची स्थिती चालू असेल किंवा यंत्र कमी ताकदीचे असेल, तर ते आपोआप सपाट रंगावर येते. मायका हे दुसरे द्रव्य वॉलपेपरची छटा तेवढी घेते, मागच्या खिडक्या दाखवत नाही, त्यामुळे त्याच्यावर वाचायला त्रास होत नाही. ॲक्रिलिकचा धूसरपणाही बऱ्यापैकी दाट असल्याने येथील मेनू मुळातच फारसे बिघडलेले नसतात.

कमतरता मधल्या पायरीची आहे. पारदर्शकता एक तर सगळीकडे, नाही तर कोठेच नाही. टास्कबार काचेचा ठेवून फक्त मेनू भरीव करणे या बटणाने शक्य नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये पारदर्शकतेच्या चौकोनाशेजारी रंगाच्या तीव्रतेचा स्लायडर होता आणि त्याने काच हवी तितकी दाट करता येत असे. म्हणजे २००७ साली जे प्रमाण वापरकर्त्याच्या हाती होते ते आज नाही. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी कॉन्ट्रास्ट थीम आहेत, आणि डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबून त्या लगेच चालू करता येतात. पण त्या सगळ्या पडद्याचेच रंग बदलतात. मेनूपुरत्या तक्रारीवर हा इलाज फार मोठा होतो.

मॅकओएसचा या बाबतीतील इतिहास बोलका आहे. २००१ साली मॅक ओएस टेन आले, तेव्हाच्या अक्वा या रूपात मेनू अर्धपारदर्शक होते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये लेपर्ड आवृत्तीने वरची मेनू-पट्टीही पारदर्शक केली आणि वॉलपेपर तिच्यातून दिसू लागला. त्यावर इतकी नाराजी झाली की २००८ च्या फेब्रुवारीतील १०.५.२ या सुधारणेत पट्टी भरीव करण्याचा पर्याय आला आणि मेनूही थोडे कमी पारदर्शक केले गेले. २०१४ मध्ये योसेमिटीने पारदर्शकता पुन्हा वाढवली, तेव्हा तिच्यासोबत ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ ही सोय होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टाहो आवृत्तीबरोबर लिक्विड ग्लास हे काचेसारखे रूप आले, आणि त्याच वर्षी तिच्या २६.१ या सुधारणेत अपिअरन्सच्या पानावर ‘क्लिअर’ आणि ‘टिंटेड’ असे दोन पर्याय द्यावे लागले. टाहोमध्ये मेनू-पट्टीची पार्श्वभूमी परत आणण्याचाही वेगळा पर्याय आहे.

या पर्यायांची आजची अवस्था मला विंडोजपेक्षा बरी वाटते, कारण येथे मधली पायरी आहे. टिंटेड निवडल्यावर काचेचे रूप राहते पण ती दाट होते. पट्टी वेगळी भरीव करता येते. आणि तेवढ्यानेही भागले नाही तर रिड्यूस ट्रान्सपरन्सी आहेच. शेजारचे ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’ चालू केले की पारदर्शकता आपोआप कमी होते आणि मेनूच्या कडांना स्पष्ट रेघा येतात. मेनू कोठे संपतो हे त्या रेघांमुळे कळते, आणि भरीव मेनू त्याच रंगाच्या खिडकीवर उघडल्यावर जो गोंधळ होतो तो टळतो. इतरांनी घ्यावी अशी ही बारीक गोष्ट आहे. दोष असा की हे पर्याय अपिअरन्स, मेनू बार आणि ॲक्सेसिबिलिटी अशा तीन पानांवर विखुरले आहेत, आणि केवळ मेनूसाठी प्रमाण ठरवणारा स्लायडर येथेही नाही.

ज्याला बारकाईने हवे तसे जुळवायचे आहे आणि त्यासाठी अर्धा तास देण्याची तयारी आहे, त्याने प्लाझ्मा घ्यावा. ज्याला मेनू फक्त भरीव हवा आहे त्याला एक्सएफसीई पुरेल. विंडोजवर असलेल्याने बटण बंद करून मोकळे व्हावे. आणि मॅकवर असलेल्याने आधी टिंटेड, मग इन्क्रीज कॉन्ट्रास्ट या क्रमाने पाहावे. बदल केल्यावर रिकाम्या डेस्कटॉपवर मेनू उघडून समाधान मानू नये. मजकुराने भरलेल्या पांढऱ्या पानावर, मग गडद रंगाच्या खिडकीवर आणि शेवटी भरगच्च छायाचित्रावर तोच मेनू उघडावा, आणि प्रत्येक वेळी निष्क्रिय ओळी व उजव्या कडेला लिहिलेले कळांचे संक्षेप (शॉर्टकट) वाचता येतात का हे पाहावे. सर्वांत आधी तेच हरवतात.

चारही डेस्कटॉपांना समान असलेली एक उणीव उरते. अनेक प्रोग्रॅम स्वतःचे मेनू स्वतःच रेखाटतात. ब्राउझरच्या तंत्रावर बांधलेले प्रोग्रॅम तर बहुतांशी तसेच असतात, आणि डेस्कटॉपची सेटिंग त्यांच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यांना ती विचारून घ्यावी लागते. वेबच्या बाजूने त्यासाठी मार्ग तयार आहे: वापरकर्त्याने पारदर्शकता कमी मागितली आहे का, हे पानाला विचारता येणारी सीएसएसची (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेची) prefers-reduced-transparency ही अट क्रोमच्या ११८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपासून उपलब्ध आहे. ती अट पाहून मेनूची पार्श्वभूमी भरीव करणे हे मोजक्या ओळींचे काम आहे. जे प्रोग्रॅम ते करत नाहीत त्यांच्या सेटिंग्जमध्ये थीम किंवा अपिअरन्स या नावाखाली स्वतंत्र पर्याय असू शकतो; तो तेथे शोधावा, आणि नसेल तर तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे या अटीचे नाव घेऊन मागावा.